पिसं झडण्याआधी

१

आमच्या घरात सकाळी चहा नंतर होतो, वजन आधी होतं. चिऊला तराजूच्या दांडीवर बसवायचं, आकडा बघायचा, आणि मग दुधाचं पातेलं चढवायचं.

चिऊ म्हणजे चिमणी नव्हे. बाज आहे, मादी. काळपट तपकिरी अंग, खांद्यांवर विटकरी रंग, शेपटीच्या टोकाला पांढरी पट्टी. जात परदेशी, जन्म पिंजऱ्यातला, कागदपत्रं सगळी आहेत. विचारणारे विचारतातच, म्हणून आधीच सांगून टाकते. नाव ठेवलं माझ्या नवऱ्यानं, देवरावांनी. एवढ्या नखांच्या बाईला लाडानं चिऊ म्हणणारा माणूस कसा असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

देवराव नागपूरच्या विमानतळाशेजारी, मिहानकडे एका हँगरमध्ये कामाला जायचे. तिथं विमानं दुरुस्तीला येतात आणि वरच्या लोखंडी तुळयांवर कबुतरं संसार थाटतात. चिऊला डाव्या हातावर घेऊन हे आत शिरले की कबुतरांची पळापळ. एखादं सापडलं तर ते चिऊचं. हिवाळाभर हे चालायचं. उन्हं तापली की काम बंद आणि चिऊची पिसं झडायची वेळ. देवरावांचे भोपाळचे उस्ताद त्याला कुरीज म्हणत. जुनं एकेक पीस गळतं, त्या जागी नवं येतं, आणि तोवर बाजाला कोणी हात लावायचा नाही. त्याआधी खाऊ घालून तिला चांगली गुबगुबीत करायची.

इथंच खरी गोम आहे. कामाच्या दिवसांत बाजाला थोडं भुकेलंच ठेवतात. लोकांना वाटतं, किती माया, बघा कशी उडून परत हातावर येते. देवराव हसायचे. "माया गिया काही नाही. भूक आहे म्हणून येते. पोट भरलं का ते कोणाचीच नाही." म्हणून रोजचं वजन. आकडा वर गेला की त्या दिवशी उडवायचं नाही, नाहीतर गेली ती गेलीच. आणि कुरीजेआधी फक्त एकदा, शेवटची शिकार तिला पोटभर खाऊ द्यायची. तिच्या पायाखालून काही काढून घ्यायचं नाही, उठायची घाई करायची नाही. मग खोलीत सोडून दार लावायचं.

यंदा ती शेवटची शिकार राहून गेली. थंडी सरता सरता देवराव न्हाणीघरात पडले. डावं अंग गेलं.

२

माझ्या माहेरी अंडंसुद्धा अंगणात चूल मांडून उकडायचे. त्या घरची मी, आता रोज सकाळी बटेरांचे तुकडे करत होते. मागच्या खोलीत एकीला भरवायचं, मग हात घासून घासून धुवायचे आणि हॉलमध्ये पलंगावरच्याला भरवायचं. दोघंही सारखीच नखरेल. एक मान फिरवायची, दुसरा ओठ मिटायचा.

देवराव पडल्या पडल्या हुकूम सोडायचे. जीभ जड झाली होती, पण रुबाब तोच.

"पायाची दोरी नको सोडू तिची. गोळा टाकला का तिनं?"

सकाळी बाज एक गोळा ओकतो. न पचलेली पिसं, हाडं यांचा, बोटाच्या पेराएवढा. तो पडला म्हणजे तब्येत ठीक. मी तो कागदावर घेऊन देवरावांना दाखवायची आणि ते त्याकडे असे बघायचे जसं कोणी नातवाचं प्रगतिपुस्तक बघावं.

एका सकाळी चिऊ वजनाला भारी निघाली. मी घातलं होतं त्यापेक्षा बरीच भारी. गळ्याखालची थैली टम्म फुगलेली. आणि तिच्या बसायच्या अड्ड्याखाली जो गोळा पडला होता त्यात निळसर राखाडी पिसं होती. बटेराची पिसं तपकिरी असतात. ही कबुतराची होती.

मी खोली तपासली. खिडकीची जाळी धड. दाराला बाहेरून कडी, ती मीच घातलेली. जमिनीवर रक्ताचा थेंब नाही, पिसाचा तुकडा नाही. बाजानं कबुतर फाडलं तर खोलीची काय दशा होते ते मला माहीत आहे, मीच झाडायची. म्हटलं, आदल्या दिवसांतलं काही पोटात राहिलं असेल. असं होत नाही हेही मला माहीत होतं. पण मनाला काहीतरी द्यावं लागतं.

गोळा मी देवरावांना दाखवला नाही. आज पडलाच नाही, असं सांगितलं.

"पडला असन," ते म्हणाले, आणि छताकडे बघत गालात हसले. अर्ध्याच गालात, पण हसले.

३

व्यायाम करून घ्यायला सोनिका यायची. चुणचुणीत पोरगी, स्कूटीवरून उतरली की आधी माठातलं पाणी पिणार, मग देवरावांना रागावणार.

त्या दिवशी तिनं देवरावांचा डावा हात कोपरातून वाकवला, दंड चाचपला, आणि थांबली.

"काकू, डाव्या हाताले तुम्ही काही करून राहिल्या का? वजन गिजन?"

"मी कशाले करू बाई? तू सांगितलं तेवढंच."

"मग कमाल आहे ना. इतके दिवस पडून राहिलेला हात असा नसते. हा तर उजव्यापेक्षा कडक आहे." तिनं सुईचं टोक त्यांच्या बोटाला टोचलं. "काका, समजते का?"

"नाही."

"इथं?"

"काहीच नाही, बेटा. तो हात माझा नाहीच म्हण."

सोनिकानं मूठ उलटी केली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, चार बारीक टोचल्याच्या खुणा होत्या. तीन पुढं, एक मागं. ताज्या होत्या, एकीवर रक्त नुकतंच सुकलेलं.

"मांजर येते का घरात?"

"येते कधी कधी," मी म्हणाले. ज्या घरात बाज आहे तिथं मांजर फिरकत नाही, पण तिला काय सांगणार?

ती गेल्यावर मी खुणांना हळद लावली. त्या कशाच्या आहेत हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. हातमोजा विसरला की देवराव अशाच खुणा घेऊन घरी यायचे आणि मी अशीच हळद लावायची, वर चार शब्द सुनवायची. या वेळी सुनवलं नाही. खरं सांगते, भीती वाटलीच, पण त्याहून जास्त आनंद झाला. हात जिवंत होता. कसा का असेना, जिवंत होता.

४

नागपूरची दुपार ज्यानं अंगावर काढली आहे त्याला सांगायला नको. नंदनवनातल्या आमच्या गल्लीत जेवणं झाली की चिटपाखरू दिसत नाही. दारंखिडक्या बंद, कूलरची घरघर, वाळ्याचा वास. त्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून मला इतके दिवस कळलं नसावं.

त्या दुपारी वीज गेली. कूलर थांबला. मी स्वयंपाकघरात फरशीवर आडवी झाले होते. मागच्या खोलीत घुंगरू वाजलं. चिऊच्या पायात घुंगरू असतं, अंग झाडलं की वाजतं, त्यात नवल नाही. पण मग ते खोलीच्या बाहेर वाजलं. माझ्या उशापासून भिंतीपलीकडून हॉलकडे गेलं, सावकाश, कोणी हातावर घेऊन चाललं की वाजतं तसं. क्षणभर थांबलं. मग रस्त्याच्या दारापलीकडे, आणि लांब, आणि बंद.

दाराची कडी वाजली नाही.

मी उठले. मागच्या खोलीची कडी लागलेलीच होती. ती उघडायची हिंमत झाली नाही. हॉलमध्ये आले. देवराव पलंगावर होते. डोळे मिटलेले, श्वास चालू. एवढं बघून जीव भांड्यात पडला आणि मी त्यांच्या पायाशी टेकले.

पलंग आमचा जुना, पट्ट्यांचा. देवरावांनी कूस बदलली की कुरकुरतो, मी बसले तरी कुरकुरतो. मी बसले तसा तो माझ्या बाजूनं कलला, सगळाच्या सगळा, रिकामा पलंग कलतो तसा. मी वळून बघितलं. त्यांच्या डोक्याखाली उशी दबलेली नव्हती. चादरीवर ते नुसते ठेवल्यासारखे होते. मी हात लावला. अंग गरम होतं. पण हात त्यांच्या पाठीखाली सहज सरकला, धुतलेल्या कपड्यांच्या घडीखाली सरकावा तसा.

मी ओरडले नाही. यमुताई शेजारीच राहतात, भिंतीवर थाप मारली असती तर धावत आल्या असत्या. पण त्यांना दाखवू काय? माझा नवरा झोपला आहे, हे?

बऱ्याच वेळानं रस्त्याच्या बाजूनं घुंगरू आलं. माझ्या जवळून गेलं तेव्हा उन्हाचा झोत अंगावरून गेला, भट्टीचं दार उघडल्यासारखा. मागच्या खोलीत चिऊनं पंख झाडले. आणि पलंग कुरकुरला. पट्ट्या ताणल्या, उशीत खळगा पडला, देवरावांनी मोठा श्वास सोडला.

त्यांच्या तळव्यांना धूळ होती. पायजम्याच्या कडेला कुसळं टोचली होती, माळावरच्या वाळल्या गवताची. मी ती एकेक करून काढली. लग्न झाल्यापासून हेच काम करत आले, हात आपोआप चालले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी कुसळं काढत होते.

५

त्यानंतर मी दुपारी झोपले नाही. त्यांच्या पायाशी बसायची. घुंगरू जाई, पलंग गप्प होई. घुंगरू येई, पलंग कुरकुरे. भीतीचीसुद्धा सवय होते. उलट संध्याकाळी देवराव खुशीत असायचे, हँगरमधले किस्से सांगायचे, पन्हं मागून प्यायचे.

"दुपारी कुठं जाता तुमी?" मी एकदा विचारलंच.

"मी? मी कुठं जाऊन राहिलो? पलंगावरच त हाव." असं म्हणून पुन्हा ते अर्ध्या गालाचं हसू. लहान पोरानं तोंडात साखर लपवावी तसं.

मग एक दिवस असा आला. बटेरवाल्यानं माल ताजा दिला म्हणून मी चिऊला जरा सैल हातानं घातलं. कुरीजेआधी घालायचंच असतं. दुपारी घुंगरू गेलं आणि आलंच नाही. चहाची वेळ झाली, यमुताईंनी अंगणात पाणी शिंपडलं, तरी नाही. पलंग गप्प. देवरावांचे ओठ पांढरे पडले, श्वास इतका बारीक की मी नाकाखाली आरसा धरला. मी त्यांचं नाव घेऊन हाका मारल्या. नवऱ्याला नावानं मी कधी हाक मारत नाही, त्या दिवशी मारली.

दिवेलागणीला घुंगरू परत आलं, रेंगाळत, थांबत थांबत. मनात नसताना आल्यासारखं.

मला तेव्हा समजलं. पोट भरलेली चिऊ परत येत नाही. आणि ती ज्याच्या हातावरून उडते, तो तिच्याशिवाय कसा येईल? हात वर धरून तिथंच उभा राहील.

दुसऱ्या दिवसापासून मी तिचं खाणं तोडलं. आधी निम्मं. मग त्याच्याही निम्मं. चिऊ दाराकडे बघून किंचाळायची. यमुताई विचारायच्या, "काय वं शामला, तुया पक्षी काहून रडून राहिला?" मी म्हणायची, गरमी आहे. दुपारी घुंगरू आता झटकन जायचं आणि झटकन यायचं. देवराव माझ्याजवळ होते. मला लाज वाटत होती, पण त्या लाजेनं माझा हात सैल झाला नाही.

६

देवराव मात्र खंगत चालले. ओठ फुटले. मान आणि नाक उन्हानं रापलं, घरात झोपलेल्या माणसाचं. भुकेली चिऊ त्यांना स्वस्थ बसू देत नसणार. टोचल्याच्या खुणा आता कोपरापर्यंत होत्या.

चिऊची पिसं झडायला लागली होती. एका सकाळी शेपटीतलं एक नवंच, अर्धवट वाढलेलं पीस तुटून पडलं. मी ते देवरावांना दाखवायला नेलं. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर काढून मला हे कळायला हवं होतं की ते नेऊ नये.

त्यांनी उजव्या हातात पीस घेऊन खिडकीच्या उजेडात धरलं. पिसावर आडवी, बारीक, फिकट रेघ होती. तिथूनच ते मोडलं होतं.

"उपासाची रेघ आहे हे," ते म्हणाले. "पीस वाढताना पोटात काही नसलं का पडते. मग त्या जागी तुटतेच." त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "कोणी उपाशी ठेवलं वं तिले?"

"मी."

"काहून?"

"तुमी परत यावं म्हणून."

कुठून, असं त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं होतं विचारतील. रागावतील, हसतील, काय बरळतेस म्हणतील. त्यांनी पीस छातीवर ठेवलं आणि माझा हात धरला.

"मी थकलो वं, शामले. तिकडं ऊन लय आहे."

"मग नका जाऊ ना. कोण म्हणते जा म्हणून?"

"ते येते ना हातावर. येऊन बसली का उठा लागते." त्यांचा आवाज अगदी साधा होता, कामावर निघताना असायचा तसा. "तिची शेवटची शिकार राहिली. तिनं एकदा पोटभर खाल्लं का मी मोकळा. तू तिले उपाशी ठेवून राहिली, आणि मी उन्हात उभा."

"आणि मी? माझं काय, अवो?"

त्यांनी माझा हात दाबला. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आवाज करून रडले. उजवा हात माझ्या डोक्यावरून फिरत होता. डावा बाजूला पडला होता, कडक, मूठ वळलेली.

७

जास्तीची बटेरं आणली. सोललीही नाहीत, पिसांसकट नेली, तिला आवडतात तशी. चिऊनं माझ्याकडे बघितलं आणि मग खायला लागली. मी दाराशी बसून होते. घाई केली नाही. गळ्याची थैली फुगली, डोळे अर्धे मिटले. फक्त एक तंगडी मी पदराखाली ठेवून घेतली. एवढीशी. एवढीशी भूक राहिली तर काय बिघडतं, असं म्हटलं.

मग हॉलमध्ये आले. देवरावांना अर्धं उठवून पन्हं पाजलं. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवला. पांढरा दुपट्टा ओला करून पिळला आणि डोक्याला, कानांवरून, मानेवरून घट्ट बांधला. बाहेर जाणाऱ्या माणसाला बांधतात तसा. खुंटीवरचा चामडी हातमोजा काढून डाव्या हातात चढवला. बोटं सरळ करायला वेळ लागला. ते माझ्याकडे बघत होते.

"नवरदेव करून राहिली का मले?"

"गप ऱ्हा. बोलू नका, घसा सुकते."

घुंगरू गेलं. पलंग गप्प झाला. मी बसून राहिले.

ऊन उतरायच्या आत ते परत आलं. पट्ट्या कुरकुरल्या, उशी दबली. दुपट्टा कोरडा ठाक झाला होता. देवरावांनी डोळे उघडले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"थोडी भूक राहिली वं तिची," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "ठेवली होती मी."

"मले माहीत आहे."

मी दुपट्टा सोडला, पुन्हा भिजवला, पुन्हा बांधला. या वेळी गाठ नीट मारली, वाऱ्यानं सुटू नये अशी. गालावरून हात फिरवला. दाढी खुंटली होती, सकाळी करायची राहिली होती. ते डोळे मिटून होते.

मागच्या खोलीत जाऊन मी ती तंगडी चिऊपुढं धरली. हातमोजा यांच्या हातात होता, मी उघड्या बोटांनीच धरली. तिनं माझ्या बोटांना धक्का न लावता ती घेतली. गिळली. चोच अड्ड्यावर घासली, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. पोट भरल्यावर ती असंच करते.

मी कडी लावली. माझ्या आधी घुंगरू हॉलमध्ये पोचलं होतं.

देवरावांचा डावा हात कोपरातून उचललेला होता. मूठ छातीसमोर, मोज्यातली, आडवी. कोणीही तो उचलला नव्हता. मी उंबऱ्यात उभी राहिले. त्या मुठीवर काही दिसत नव्हतं, पण हात वजन तोलत होता, ते कळत होतं. मग मूठ किंचित खाली दबली आणि हलकी होऊन वर आली. बाज उडतो तेव्हा हात असाच होतो.

हात तसाच वर राहिला. उडालेल्या पक्ष्यासाठी तो धरून ठेवायचा असतो. बाजाला परत बोलवायची त्यांच्यासारखी शीळ मला येते, पोरींनी शीळ घालू नये असं म्हणत म्हणत त्यांनीच शिकवली होती. ओठ मुडपले होते मी.

घातली नाही.

मग तो हात हळूहळू खाली आला आणि पोटावर टेकला. पलंग कुरकुरला नाही. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. थोड्या वेळानं यमुताईंना हाक मारायची होती, सोनिकाला कळवायचं होतं, सगळं करायचं होतं. लोक येतील, दुपट्टा सोडा म्हणतील.

मी तो सोडला नाही. बाहेर अजून ऊन होतं.